पेटीत चोवीस रंग, कागदावर दोनच!

बालमित्रांनो, एक गंमत करू या. डोळे मिटा आणि मनातल्या मनात एक निसर्गचित्र काढा. झालं? आता काय काढलंत ते मी ओळखते! मागे दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, त्याला कंगव्याच्या दातांसारखी किरणं. डोंगरातून निघालेली नागमोडी नदी. डाव्या हाताला कौलारू घर, उजव्या हाताला नारळाचं झाड. आणि आकाशात पक्षी, म्हणजे आडवा पाडलेला ३ चा आकडा. बरोबर ना?

यातला नारळ कोकणातला, घर पुस्तकातलं आणि डोंगर मात्र कुठलाच नाही! हे चित्र आपण बघून काढत नाही, पाठ झालंय म्हणून काढतो. पाढे पाठ असावेत. पण डोंगर पाठ असून कसं चालेल? तुमच्या गावचा डोंगर वेगळा, माझ्या गावचा वेगळा. सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा त्याहून वेगळा.

मग खरा डोंगर कागदावर आणायचा कसा? आज मी तुम्हांला एक उलटाच उपाय सांगणार आहे. रंगपेटी उघडा आणि चोवीसांतले बावीस रंग परत जागेवर ठेवून द्या! दोन पुरेत. सुरुवातीला तर एकच. विश्वास बसत नाही? थोडा वेळ माझ्याबरोबर चला.

डोळे किलकिले करा

खिडकीतून बाहेर बघा. आता ऊन डोळ्यांवर आलं की आपण करतो ना, तसे डोळे किलकिले करा. काय होतं? पानं दिसेनाशी होतात, विटा दिसेनाशा होतात, तारेवरचे कपडे दिसेनासे होतात. उरतात फक्त मोठे मोठे ठिपके. काही उजळ, काही मध्यम, काही गडद.

या उजळ-गडदपणाला चित्रकार ‘टोन’ म्हणतात. आपण त्याला छटा म्हणू. रंग वेगळा आणि छटा वेगळी, बरं का! जास्वंदीचं फूल लाल आणि तिचं पान हिरवं. रंगानं दोघांचं काही जमत नाही. पण त्यांचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा (आई-बाबांना विचारून!) आणि बघा. फूल आणि पान, दोघंही जवळजवळ सारखेच करडे! म्हणजे त्यांचे रंग वेगळे असले तरी छटा जवळपास एकच. उलट पिवळं शेवंतीचं फूल त्याच फोटोत पांढुरकं दिसेल.

जुने कृष्णधवल सिनेमे तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. त्यांत एकही रंग नसतो. तरी पहाट कुठली, भर दुपार कुठली, झाड जवळ आहे की लांब, हे आपल्याला लगेच कळतं. कशामुळं? छटांमुळं! चित्राचा सांगाडा छटांचा असतो, रंग हा त्यावरचा सदरा. सांगाडाच वाकडा असेल तर भरजरी सदरा घालून काय उपयोग?

आणि चोवीस रंग हातात असले की नेमकं हेच होतं. सगळं लक्ष सदऱ्याकडं. कुठला हिरवा घेऊ, पोपटी घेऊ की शेवाळी, याच विचारात तास संपतो. एकच रंग असेल तर असा प्रश्नच उरत नाही. मग एकच गोष्ट बघावी लागते : हे त्याच्यापेक्षा उजळ की गडद?

लांबचे डोंगर निळे का?

सह्याद्रीत राहणाऱ्यांनी हे रोज पाहिलेलं असतं. समजा, पाचगणीच्या टेबललँडवर उभे राहून तुम्ही कृष्णेच्या खोऱ्याकडं बघता आहात. पायाजवळचा खडक गडद, तपकिरी. समोरचा उतार जरा फिका. त्यामागची रांग निळसर. त्याच्याही मागची इतकी फिकी, की आकाश कुठं संपलं आणि डोंगर कुठं सुरू झाला, ते कळू नये.

खरं तर त्या मागच्या डोंगरावरही असाच तपकिरी खडक आहे आणि अशीच हिरवी झाडं आहेत. मग त्याला निळा कोणी केला? हवेनं! आपल्या आणि त्या डोंगराच्या मध्ये कित्येक किलोमीटर हवा असते. हवेच्या कणांवर सूर्यप्रकाश आदळतो आणि सगळीकडं विखुरतो. त्यात निळा प्रकाश जास्त विखुरतो. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं १८७१ साली हे गणितानं मांडून दाखवलं. आकाश निळं दिसतं ते याच कारणानं. डोंगर जितका लांब, तितका हवेचा पडदा जाड. त्या पडद्यातला प्रकाश डोंगराच्या गडदपणावर पसरतो आणि डोंगर उजळ नि निळसर दिसतो. हवेत धूळ किंवा बाष्प असेल तर तो पांढुरकाही दिसतो.

इटलीतला थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची (१४५२ ते १५१९) यानं रॅलेच्या साडेतीनशे वर्षं आधी हे नुसत्या डोळ्यांनी टिपलं होतं. वस्तू जितकी दूर, तितकी ती निळी रंगवावी, असं त्यानं आपल्या टिपणांत लिहून ठेवलं आहे. बघण्याची सवय असली की किती आधी कळतं पाहा!

यातून आपल्याला एक सोपा नियम मिळाला : लांबचं फिकं, जवळचं गडद. पण डोळे उघडे ठेवा, कारण नियमाला अपवादही असतात. जोराचा पाऊस पडून गेला की हवा धुऊन निघते आणि लांबचा डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखा स्पष्ट दिसतो. आणि ऐन मे महिन्यात जवळची टेकडीसुद्धा धुरकट होते. म्हणून आधी बघायचं, मग ब्रश उचलायचा.

सामान काय लागेल?

अगदी थोडं. एक निळा जलरंग, शक्यतो ‘अल्ट्रामरीन ब्लू’. एक तपकिरी, ‘बर्न्ट सायना’. एक जाड गोल ब्रश आणि एक बारीक. जाड कार्ट्रिज कागद. परीक्षेचं पॅड आणि दोन चिमटे. पाण्याची दोन भांडी : एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचं. जुन्या सुती कापडाचा तुकडा. पॅलेट नसेल तर स्टीलची ताटली चालेल. पांढरी बशी तर त्याहून उत्तम.

पांढरा रंग कुठं आहे, असं विचाराल. तो कागदातच आहे! जलरंगात रंग फिका करायचा तो पाणी घालून. जिथं एकदम पांढरं हवं, तिथं कागद कोरा सोडायचा.

पहिला दिवस : पाच पायऱ्या

आज डोंगर नाही. आज फक्त निळा रंग आणि पाच चौकोन. कागदावर एका ओळीत पाच चौकोन आखा. पहिला कोराच ठेवा. पाचव्यात रंग शक्य तितका घट्ट भरा. आता मधले तीन असे भरा की पायरी-पायरीनं गडद होत जातील.

पाणी किती, हे कसं ओळखायचं? स्वयंपाकघरात डोकावा. दुसऱ्या चौकोनाला आमटीच्या वरच्या पाण्याइतका पातळ रंग. तिसऱ्याला आमटीइतका. चौथ्याला वरणाइतका. आणि पाचव्याला पिठल्याइतका! हे चार शब्द ध्यानात ठेवलेत तर निम्मं काम झालं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. जलरंग वाळला की फिका होतो. ओला असताना बरोबर वाटलेली पायरी वाळल्यावर एक घर खाली उतरते. म्हणून चित्रासारख्याच कागदाची एक पट्टी जवळ ठेवा. रंग आधी तिच्यावर लावा, वाळू द्या, बघा आणि मगच चित्राला हात लावा. पट्टी वाया जात नाही. तीच तुमची शिक्षिका!

आता डोळे किलकिले करून पाची चौकोन बघा. दोन शेजारी एकमेकांत मिसळून गेलेत का? मग एक पट्टी पुन्हा करा. तीन-चार पट्ट्या झाल्या की हाताला आपोआप कळायला लागतं.

दुसरा दिवस : एका रंगात चार डोंगर

कागद पॅडला लावा. पॅडच्या वरच्या टोकाखाली एक पुस्तक ठेवा, म्हणजे उतार मिळेल आणि रंग सावकाश खाली वाहील. पेन्सिलीनं अगदी हलक्या हातानं चार डोंगररांगांच्या रेघा काढा. त्रिकोण नकोत! खरा डोंगर कुठं सपाट, कुठं सुळका, कुठं खिंड असा असतो. चारी रेघा एकसारख्या अंतरावरही नकोत.

आता आकाश. आमटीच्या पाण्याचा रंग वरून आडवा ओढत खाली या. खाली येताना त्यात आणखी पाणी घाला, कारण क्षितिजाजवळ आकाश उजळ असतं. मग ब्रश ठेवून द्या आणि थांबा.

थांबणं हा या विद्येतला सगळ्यात अवघड धडा आहे, बरं का! ओल्यावर रंग चढवला की डोंगर आकाशात वाहून जातो. वाळलं का हे बघायला बोट टेकवू नका. हाताची पालथी बाजू हलकेच कागदाला लावा. गार लागलं तर अजून ओल आहे.

वाळलं? आता सगळ्यात मागची रांग घ्या. रंग दुसऱ्या पायरीचा. इथं एक युक्ती आहे. त्या रांगेपुरताच पट्टा रंगवायचा नाही. माथ्यापासून सुरू करून रंग थेट कागदाच्या तळापर्यंत न्यायचा. वाळू द्या. मग तिच्या पुढच्या रांगेच्या माथ्यापासून पुन्हा तळापर्यंत, तिसऱ्या पायरीचा रंग. अशा चार रांगा. जलरंग पारदर्शक असल्यामुळं एकावर एक थर बसत जातात आणि पुढचा डोंगर आपोआप गडद होत जातो. हवेच्या पडद्याचंच हे गणित, फक्त उलट्या बाजूनं!

आणखी एक बारकावा. दरीत धुकं किंवा धूळ साठते, म्हणून डोंगराचा माथा गडद दिसतो आणि पायथा फिका. प्रत्येक रांगेचा माथा रंगवला की ब्रश धुऊन नुसत्या पाण्यानं रंग खाली ओढा. बघा कसं धुकं उतरतं ते!

शेवटी बारीक ब्रशानं पाचव्या पायरीचा पिठल्यासारखा रंग घ्या आणि अगदी पुढं एखादा खडक, बाभळीचं झाड किंवा कुंपण काढा. लांबच्या डोंगरावर झाडं काढायचा मोह होईल. आवरा! इतक्या लांबून तुम्हांला पान दिसत होतं का? नाही ना? मग काढायचंही नाही.

तिसरा दिवस : दुसरा रंग आला!

आता बर्न्ट सायना. इटलीतल्या सिएना गावाच्या नावाची ही माती भाजून हा रंग करत. तिचा तपकिरी-तांबडा रंग येतो तो लोखंडामुळं. आपला गेरू हा तिचाच चुलतभाऊ.

बशीत एका बाजूला निळा, एका बाजूला तपकिरी ठेवा आणि मध्ये दोघांना एकत्र आणा. निळा जास्त झाला तर पावसाळी ढगांचा करडा रंग. दोघं बरोबरीचे आणि घट्ट झाले तर जवळजवळ काळा! तपकिरी जास्त झाला तर नांगरलेल्या शेताचा रंग. आणि नुसत्या तपकिरीत भरपूर पाणी घातलं तर संध्याकाळी क्षितिजावर पसरतो तो पिकल्या जर्दाळूसारखा उजेड. दोन रंगांची केवढी प्रजा झाली! आणि सगळे एकाच घरातले असल्यामुळं चित्रात कुणी कुणाशी भांडत नाही.

कालचंच चित्र आज पुन्हा काढा. मागच्या रांगांना निळा जास्त. पुढं येऊ तसतसा तपकिरी वाढवत न्या. निळा हा थंड रंग, तो मागे सरकतो. तपकिरी ऊबदार, तो पुढं येतो. छटा आणि ऊब, दोघांनी मिळून कागदात केवढी खोली तयार केली, ते स्वतःच बघा.

हिरव्यावाचून अगदीच अडलं, तर तिसरा रंग ‘यलो ऑकर’ घ्या. निळ्यात मिसळला की शांत, मातकट हिरवा होतो. आपल्या माळावरच्या गवताचा खरा रंग हाच. पेटीतला झगझगीत हिरवा रानात फारसा सापडत नाही. आणि आणखी एक गंमत : काळ्यात पिवळा मिसळून बघा. काय झालं? हिरवा! स्वीडनचे चित्रकार आंदेर्स झोर्न (१८६० ते १९२०) पांढरा, काळा, पिवळी माती आणि शेंदरी, एवढ्या चार रंगांसाठी आजही ओळखले जातात. त्यांच्या पॅलेटवर निळ्याचं काम बऱ्याचदा काळाच करून टाकी!

शाईचा डोंगर

एका रंगात खरंच मोठं चित्र होतं का, अशी शंका कुणाच्या मनात असेल, तर त्याला जपानच्या सेशू यांचं नाव सांगा. सेशू (१४२० ते १५०६) हे बौद्ध भिक्षू. त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट जपानी मुलं आवडीनं ऐकतात. सेशू मठात धडे सोडून चित्रंच काढत बसायचे. चिडलेल्या गुरुजींनी त्यांना खांबाला बांधून ठेवलं. संध्याकाळी येऊन बघतात तो पायाशी उंदीर! हाकलायला गेले तर हलेना. सेशूंनी स्वतःच्या आसवांत पायाचा अंगठा बुडवून तो जमिनीवर काढला होता! दंतकथाच ही, पण रंग नव्हता म्हणून चित्र अडलं नाही, एवढं तिच्यातून घ्यावं.

१४९५ साली सेशूंनी काळ्या शाईनं काढलेलं एक निसर्गचित्र आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मागे फिक्या शाईत धुक्यातून वर आलेले डोंगर, पुढं गडद शाईच्या चार-दोन फटकाऱ्यांत झाडी, खाली पाणी आणि इवलीशी होडी. पाणी म्हणजे बहुतेक कोरा कागदच. तेव्हा सेशूंचं वय पंचाहत्तर होतं. म्हणजे आपल्याला सरावाला भरपूर वेळ आहे!

नीळ आणि गेरू

आता आमच्या वर्गातली गोष्ट सांगते. आमच्याकडं शुक्रवारचा शेवटचा तास चित्रकलेचा. एक मुलगा दर शुक्रवारी उभा राहून म्हणायचा, “बाई, रंगपेटी घरी राहिली.” मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटायचं, “घरी तरी आहे का?” पेटी नव्हतीच, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. तो शेजाऱ्याकडं रंग मागत नसे. वहीचं पान उलटून शुद्धलेखन लिहीत बसे.

पावसाळा सरत आला तेव्हा मी वर्गाला नवा नियम सांगितला : आज सगळ्यांच्या पेट्या दप्तरात. टेबलावर वाट्यांतून दोनच रंग, नीळ आणि गेरू. सगळ्यांना सारखे.

पहिला आरडाओरडा झाला तो चोवीस रंगांची पेटी असलेल्याचा. “बाई, हिरव्याशिवाय झाड कसं काढू?” बाकीच्यांनीही त्याचीच री ओढली. तो मुलगा मात्र खिडकीशी गेला आणि बराच वेळ बाहेर बघत राहिला. सकाळी शेळ्या घेऊन तो त्याच डोंगरावर जायचा. मग त्यानं मला विचारलं, “बाई, मागची रांग आज ढगात गेलीय. दिसत नाही. मग काढू का नको?”

अख्ख्या वर्गात हा प्रश्न त्या एकालाच पडला होता. बाकी सगळे मागची रांग पाठ असल्यासारखी काढून मोकळे झाले होते. मी म्हटलं, “तुला काय दिसतंय?” तो म्हणाला, “पांढरं.” आणि त्यानं तिथं कागद कोराच सोडला.

तास संपताना चोवीस रंगवाला त्याच्या बाकाशी आला. “ए, ते धुकं कसं केलंस रे?” आणि यानं ओला ब्रश घेऊन त्याला करून दाखवलं. तो काही रातोरात मोठा चित्रकार झाला नाही. पण पुढच्या शुक्रवारी ‘पेटी घरी राहिली’ हे वाक्य मात्र ऐकू आलं नाही.

हे रंग तुम्हीही घरी करू शकता. कपड्यांना घालायची पुडीतली पूड नीळ असते ना, ती जुन्या पद्धतीची असेल तर तिच्यात अल्ट्रामरीनच असतो! (बाटलीतली पातळ नीळ घेऊ नका, ती वेगळी.) एके काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून करत आणि युरोपात तो फार महाग मिळे. समुद्रापलीकडून येणारा म्हणून त्याचं नाव अल्ट्रामरीन. तो कारखान्यात स्वस्तात करून दाखवल्याबद्दल फ्रान्समध्ये गिमे नावाच्या माणसाला १८२८ साली बक्षीस मिळालं, आणि राजेरजवाड्यांच्या चित्रांतला रंग धोब्याच्या घंगाळात येऊन पडला! गेरू तर आपल्या रोजच्या ओळखीचा. तुळशीवृंदावनाला, कुंड्यांना आपण तोच लावतो. भीमबेटकाच्या गुहांत आदिमानवानं चित्रं काढली तीसुद्धा या लाल मातीनं.

कृती अशी. गेरूची पूड पाण्यात ढवळा. अर्धा मिनिट थांबा, खर खाली बसेल. वरचं रंगीत पाणी दुसऱ्या वाटीत ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं स्वच्छ पाणी काढून टाका. तळाशी मऊ गाळ उरेल, तोच आपला रंग. बाभळीच्या डिंकाचे दोन-तीन खडे कोमट पाण्यात रात्रभर भिजवून कापडातून गाळून घ्या. चमचाभर गाळात या पाण्याचे थोडे थेंब घालून घोटा. नीळही डिंकाच्या पाण्यात तशीच घोटा. रंग वाळल्यावर बोटाला लागला तर डिंक कमी पडला. चकाकून तडकला तर जास्त झाला. नीळ आणि गेरू एकत्र केले की जांभळट करडा होतो, अगदी पावसाळी डोंगराचा! पूड डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि ब्रश तोंडात घालू नका, एवढं सांभाळा.

पिवळ्यासाठी हळद घ्यावीशी वाटेल. पण हळदीचा रंग उजेडात उडून जातो, आणि सोडा किंवा साबण लागला की लाल होतो. तिच्याऐवजी पिवळी माती बरी.

आमच्याकडं डोंगरच नाही!

विदर्भातली, मराठवाड्यातली मुलं म्हणतील, बाई, इथं सगळं सपाट. मुंबईची मुलं म्हणतील, इथं नुसत्या इमारती. हरकत नाही! हवा सगळीकडं आहे. सपाट रानात बांधावरच्या झाडांच्या रांगा बघा : जवळचा निंब गडद, पुढच्या बांधावरचा आंबा फिका, क्षितिजावरची झाडी निळसर रेघ. शहरात गच्चीवर जा. हिवाळ्यातल्या सकाळी जवळची इमारत, मधली इमारत आणि लांबची इमारत यांच्या तीन वेगळ्या छटा सहज मोजता येतील. नियम तोच, फक्त डोंगराच्या जागी टाकी आणि टॉवर.

पालकांसाठी चार शब्द

आई-बाबा हा लेख वाचत असतील, तर त्यांच्याशीही थोडं बोलायचं आहे. वाढदिवसाला अठ्ठेचाळीस रंगांची पेटी आणण्याआधी जरा थांबा. तेवढ्याच पैशांत चार रंग, एक बरा ब्रश आणि भरपूर जाड कागद येईल. पातळ कागदावर पाणी लावलं की तो फुगतो, फाटतो आणि मूल समजतं की आपल्यालाच येत नाही.

दुसरं, चित्र बघून ‘डोंगर कधी निळा असतो का?’ असं म्हणू नका. संध्याकाळी मुलाला घेऊन गच्चीवर किंवा माळावर जा आणि दोघं मिळून बघा. बहुधा डोंगर निळाच निघेल! आणि तिसरं, चित्र सुधारून देऊ नका. तुमच्या हाताची झाडं सुबक असतील. पण मुलानं जे पाहिलं, ते त्या सुबक झाडांखाली झाकलं जातं.

आता तुमची पाळी!

आपल्या कोल्हापूरचे आबालाल रहमान हे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि पुन्हा कोल्हापुरात परतले. तिथल्याच कोटितीर्थाचा, रंकाळ्याचा परिसर त्यांनी रंगवला. १९३१ साली ते वारले. विषय शोधत त्यांना लांब जावं लागलं नाही. गावचं तळं त्यांना पुरलं.

तुम्हीही एक जागा ठरवा. खिडकी, गच्ची, शाळेचा ओटा, काहीही चालेल. येत्या रविवारी सकाळी तिथून दिसतं ते एका रंगात काढा. कागद पोस्टकार्डाएवढा पुरे, वेळ अर्धा तास. मागे तारीख आणि वेळ लिहा. पुढच्या रविवारी तीच जागा, पण संध्याकाळी. मग पाऊस पडून गेल्यावर. मग थंडीत. महिन्याभरानं सगळी चित्रं जमिनीवर मांडा आणि डोळे किलकिले करून बघा.

आणि हो, लांबची रांग ढगात गेली असेल तर काय करायचं, ते आता तुम्हांला माहीत आहेच!